निपाणीच्या तंबाखूवर चाललेलं विद्यापीठ

नोकरीतलं काही लिहून द्या, असं या अंकाचे संपादक म्हणाले तेव्हा मी आधी हसलो. हायस्कुलातल्या सायन्सच्या मास्तराकडं काय असणार? फुटलेल्या परीक्षानळ्या, बोटं भाजून घेतलेली पोरं, आणि दर इन्स्पेक्शनला ऐनवेळी दगा देणारं ऑक्सिजनचं उपकरण. हे सगळं माझ्याकडं आहे, आणि त्यातल्या चार गोष्टी रंगवून सांगायची सवयही आहे. पण एक प्रकरण असं आहे की ते मला चारचौघांत कधी नीट सांगताच आलं नाही. निम्म्यावर आलो की ऐकणारा विचारतो, "म्हणजे नेमकं झालं काय, मास्तर?" आणि मी अडतो. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून तेच लिहितो.

आधी आमच्या धंद्याचं थोडं सांगायला हवं. बाहेरच्यांना वाटतं, सायन्स शिकवणं म्हणजे फळ्यावर सूत्रं लिहिणं. खरं तर ते बरंचसं घरकाम असतं. काच धुवायची, बुचं उकळायची, बाटल्यांवरच्या उडालेल्या चिठ्ठ्या पुन्हा लावायच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत तर माझ्या प्रयोगशाळेचं स्वयंपाकघरच झालं होतं. स्पिरिट मिळेना म्हणून कोळशाच्या शेगड्या पेटवायच्या. ऊर्ध्वपातित पाणी बाजारात नाही, म्हणून घरातला जुना तांब्याचा बंब शाळेत आणून त्याला नळी बसवली होती. आमची मंडळी आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

एवढ्या दारिद्र्यात आमच्या निपाणीच्या शाळेत एक वस्तू मात्र राजेशाही होती. काचेच्या पेटीतला रासायनिक तराजू. जवळ उभं राहून कुणी श्वास सोडला तरी त्याचा काटा हलायचा, म्हणून पेटीचं दार लावून वजन करायचं. त्या तराजूची कीर्ती कुठवर गेली होती ते मला एका शनिवारी कळलं.

शनिवारी सकाळची शाळा. मुलं गेली होती आणि मी प्रयोगशाळेत बाटल्या आवरत होतो. आमचा शिपाई भरमाण्णा केर काढत होता. एवढ्यात दारात एक गोरी बाई उभी राहिली. चाळिशीची असेल. अंगात धुऊन धुऊन विटलेला निळा झगा, डोक्यावर गवती टोपी, पायांत आपल्याकडच्याच कोल्हापुरी चपला. मागं दोन तरुण पोरी. बाईनं छातीवर हात ठेवून नाव सांगितलं, "पानी हालिना."

भरमाण्णानं केरसुणी टाकली, धावत जाऊन तांब्या भरून आणला आणि पुढं केला. "लांबनं आल्यात, तहानल्यात बिचाऱ्या," तो मला म्हणाला. बाईनं एकदा तांब्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. त्यांच्या भाषेत 'पानी' म्हणजे बाईसाहेब, हे आम्हाला पुढं कधीतरी कळलं. भरमाण्णानं शेवटपर्यंत त्यांना पाणीबाईच म्हटलं.

कोल्हापूरजवळ पोलंडच्या लोकांचा कॅम्प पडला होता, हे निपाणीत सगळ्यांना माहीत होतं. बायका आणि मुलंच जास्त. लढाईच्या सुरुवातीला रशियानं त्यांना घरातून उचलून बर्फाच्या मुलखात नेलं होतं, तिथून इराणमार्गे कसेबसे जिवंत राहून ते आपल्याकडं पोचले होते. बाजारात त्यांच्या बायका "केवढ्याला?" म्हणून वांग्यांचा भाव करताना आम्ही पाहिल्या होत्या. हालिनाबाई त्यांच्यातल्याच. लढाईआधी त्या आपल्या गावच्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या साहाय्यक होत्या. बरोबरच्या पोरी, यानिना आणि क्रिस्टिना, कॅम्पातल्या शाळेची शेवटची परीक्षा पास झालेल्या. बाईंना त्यांचं विद्यापीठाचं पहिलं वर्ष सुरू करायचं होतं. कोल्हापूरच्या कॉलेजात स्वतःच्या मुलांनाच जागा पुरत नव्हती, तेव्हा तिथल्या कुणीतरी निपाणीच्या तराजूचं नाव सांगितलेलं.

आमचं बोलणं इंग्रजीत झालं. त्यांचंही मोडकं, माझंही. इथं मराठीतच देतो.

"पहिलं वर्ष कुठल्या विद्यापीठाचं?" मी विचारलं.

"आमच्या."

"ते चालू आहे?"

"नाही. इमारतीत जर्मन आहेत. प्राध्यापकांना त्यांनी गोळ्या घातल्या. माझ्या सरांनाही."

 मी विचारलं, "मग वर्ष सुरू कसं होणार?"

त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं. "मी आहे. या दोघी आहेत. तराजू तुमच्याकडं आहे," त्या म्हणाल्या.

मी त्यांना हेडमास्तरांकडं घेऊन गेलो. आमचे हेडमास्तर संस्कृतचे पंडित, शिस्तीचे कडक. सगळं ऐकून ते मला मराठीत म्हणाले, "विद्यापीठ म्हणजे काय पथारी आहे, एका ठिकाणी उचलली आणि दुसरीकडं टाकली?"  त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं. मग म्हणाले, "शनिवारी दुपारी येऊ द्यात. काही फुटलं तर जबाबदारी तुमची."

तेव्हापासून शनिवारी दुपारी त्या तिघी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं धापा टाकत निपाणीला यायच्या. बाई शिकवायच्या त्यांच्या भाषेत. मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. शब्द कळत नसे, पण हातांवरून कळायचं, आता गाळणं चाललंय, आता वजन. मी बी. एस्सी. झालेला माणूस, आणि माझ्याच प्रयोगशाळेत मी बहिऱ्यासारखा बसलेला असे. कधी वाटायचं, हे खरंच विद्यापीठ आहे. कधी वाटायचं, दुःखानं या बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि आपण सगळे मिळून त्यांचं मन राखतोय. दोन्ही एकाच दुपारी वाटायचं.

पहिल्या वर्षात वनस्पतीतून एखादं द्रव्य वेगळं काढायचा प्रयोग असायचा. त्यांच्याकडं त्यासाठी कसली तरी साल वापरत. ती इथं कुठली! बाईंनी नाक वर करून हवा हुंगली आणि विचारलं, "हा वास कसला?" निपाणीत वर्षाचे बारा महिने हवेला तंबाखूचा वास असतो, आम्हाला तो येतही नाही. मी सांगितल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. "मग निकोटिन काढू."

तंबाखूचे व्यापारी आप्पा शाळेच्या कमिटीवर होते. त्यांच्या वखारीतून मी टोपलीभर झाडणीची पूड आणली. "मास्तर, ह्येचं काय लोणचं घालतासा?" आप्पा म्हणाले. मी म्हणालो, "आप्पा, विद्यापीठाला पाहिजे." आप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि पुढं काही विचारलं नाही.

चुन्यात कालवून ती पूड आम्ही वाफेवर धरली. खिडक्या सताड उघड्या, तरी सगळ्यांच्या डोळ्यांना धारा. भरमाण्णा शिंकून शिंकून बाहेर जाऊन बसला. आणि नेमक्या त्याच दुपारी अबकारी खात्याचा सब-इन्स्पेक्टर आला.

तंबाखूवर नुकताच कर बसला होता. पोतं न् पोतं शिक्क्याचं लागायचं. शाळेत तंबाखू शिजतोय अशी कुणीतरी खबर दिली असावी. इन्स्पेक्टर चिकोडीकडचा, मूळचा कानडी, मराठी मोडकं पण धाक सोळा आणे. नाकाला रुमाल लावून त्यानं विचारलं, "ही काय भट्टी लावली?"

मी सांगू लागलो, तेवढ्यात बाई पुढं होऊन म्हणाल्या, "युनिव्हर्सिटी!"

"कुठली युनिव्हर्सिटी? मुंबई?"

बाईंनी आपल्या गावाचं नाव सांगितलं. ते त्याला कळलं नाही. मला तरी कुठं नीट म्हणता येत होतं! त्या गावाला तीन भाषांत तीन नावं होती आणि बाईंनी मदत म्हणून तिन्ही सांगितली.

"तीन युनिव्हर्सिटी?" इन्स्पेक्टर म्हणाला.

"एकच," मी म्हणालो. "गाव पोलंडचं."

"पोलंड म्हणजे आपल्या बाजूचं. मग ठीक."

"पण आता तिथं जर्मन आहेत."

त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे जर्मन युनिव्हर्सिटी? शत्रूची?"

"नाही, नाही. त्याआधी रशियानं घेतलं होतं."

"मग रशियाची म्हणा की! रशिया आपला दोस्त."

"रशियानंच तर ह्यांना घरातून हाकललं."

इन्स्पेक्टर मुलांच्या बाकावर बसला. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मला त्याची दया आली, कारण मी त्या बाकावर कित्येक शनिवार बसलो होतो. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, ही युनिव्हर्सिटी आता कुठं आहे, तेवढं सांगा. मला वर कळवावं लागतंय."

मी बाईंना विचारलं. बाईंनी शेगडीवरच्या चंबूकडं बोट दाखवलं. त्यातून थेंब थेंब पाणी खालच्या पेल्यात पडत होतं. यानिनानं त्या पाण्यात पिक्रिक आम्लाचे दोन थेंब टाकले आणि पाण्यात पिवळ्या जर्द सुया उगवल्यासारखे स्फटिक दिसू लागले. इन्स्पेक्टर वाकून वाकून बघत राहिला. "हे आपल्या तंबाखूत असतं?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. जाताना त्यानं एवढंच सांगितलं, की उरलेली पूड परत आप्पांच्या वखारीत टाका आणि पुन्हा पाहिजे तर आधी मला सांगा. वर त्यानं काय कळवलं, देव जाणे.

लढाई संपत आली तशी बाईंनी परीक्षा जाहीर केली. त्यांच्या विद्यापीठाच्या नियमात दोन परीक्षक लागत. दुसरे परीक्षक तुम्ही, असं त्यांनी मला सांगितलं.

"मला तुमची भाषा येत नाही!"

"प्रयोग बघता येतो. ते पुरे."

"पण मी तुमच्या विद्यापीठाचा कुणीच नाही."

"आज आहात," त्या म्हणाल्या. मी घरी जाऊन धुतलेलं धोतर नेसून आलो. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. आणि आपण सोंगात उभे आहोत अशी धाकधूकही होती.

परीक्षेचा प्रयोग साधा होता. दिलेल्या मिठातून चांदीच्या क्षाराचा साका पाडायचा, वाळवायचा, वजन करायचं, आणि मुळात क्लोरीन किती ते काढायचं. यानिनाचं उत्तर थोडं उणं आलं. क्रिस्टिनाचं अगदी पुस्तकातल्यासारखं. मी मनात तिला पहिला नंबर देऊन मोकळा झालो. पण बाई तिच्या कागदाकडं बघत राहिल्या, मग तिला काहीतरी विचारलं. पोरीची मान खाली गेली. बाईंनी आणखी एकदा विचारलं आणि क्रिस्टिना रडायला लागली.

बाई मला म्हणाल्या, "हिनं शेवटचं वजन केलंच नाही. उत्तर काय यायला हवं ते हिला ठाऊक होतं, त्यावरून आकडा लिहिला. नापास."

आता हे पाप आमच्याकडं घरटी एक. आमची पोरं उत्तर आधी पाहतात आणि वजनं मागून बसवतात, आणि आम्ही मास्तर लोक ते बघून न बघितल्यासारखं करतो. मी बाईंना बाहेर व्हरांड्यात नेलं. "अहो, हिचे आईबाप त्या बर्फात गेले," मी म्हणालो. "हिच्या जवळ काही उरलं नाही. तुमची इमारत नाही, शिक्का नाही, कुलगुरू नाही. ही पास झाली काय आणि नापास झाली काय, कुणाचं काय बिघडणार आहे?"

त्यांना राग आला असेल असं वाटलं, पण त्या नुसत्या दमलेल्या दिसल्या. "चूक आली असती तर मी पास केलं असतं," त्या म्हणाल्या. "कीव करून पास केलं तर मग हा कॅम्पच. कॅम्पात सगळ्यांना सारखंच वाढतात."

मी सही केली. माझी सही एका पोरक्या पोरीला नापास करायला लागली, तीही अशा विद्यापीठातून, की जे त्या दिवशी कुठं होतं ते मला सांगता आलं नसतं. क्रिस्टिना त्यानंतर शनिवारी यायची बंद झाली.

लढाई संपल्यावर मला वाटलं, आता तरी उलगडा होईल. झाला उलटाच. काही महिन्यांनी बाई एकट्याच आल्या. त्यांचं गाव रशियाच्या मुलखात गेलं होतं. तिथं विद्यापीठ उघडलं होतं, इमारत तीच, पण भाषा आणि माणसं वेगळी. वाचलेल्या प्राध्यापकांना आगगाडीत बसवून दूर पश्चिमेला एका दुसऱ्याच शहरात नेलं होतं. ते शहर कालपर्यंत जर्मनांचं, आता पोलंडचं. तिथलं जर्मन विद्यापीठ बाँबनं पडलेलं. त्या पडक्या भिंतींत आमची माणसं नव्यानं वर्ग भरवताहेत, असं बाई म्हणाल्या.

"मग तुमचं विद्यापीठ कुठलं? गावातलं की तिकडचं?" मी विचारलं.

"इमारत एकीकडं, माणसं दुसरीकडं," त्या म्हणाल्या. "आणि ज्या प्रयोगशाळेत मी उभी राहणार, तिथं कुणीतरी जर्मन बाई माझ्यासारखीच बाटल्या सोडून गेली असेल. तिचं विद्यापीठ कुठलं? मला समजत नाही, मास्तर. मला वाटलं होतं, लढाई संपली की मला समजेल."

मी त्यांना धीर द्यायला काहीतरी बोललो. आमच्याकडंही तेव्हा भाषेवर प्रांत करायच्या गप्पा चावडीवर सुरू झाल्या होत्या, आणि निपाणी कुणाकडं जाणार याबद्दल मी मोठ्या खात्रीनं बोलत असे. ती खात्री पुढं काय कामाची निघाली ते इथल्या वाचकांना मी काय सांगावं! पण त्या दिवशी मला त्या बाईंचा गोंधळ फार परका, फार लांबचा वाटला होता.

बाईंनी तिकडच्या शहरात जायचं ठरवलं. यानिनाला विलायतेत नातेवाईक सापडले, ती तिकडं गेली. बाई निघाल्या त्या दिवशी भरमाण्णा मोटार स्टँडवर हजर. "पाणीबाई, सांभाळून जावा. थंडी लई आसती म्हणं तिकडं," म्हणाला आणि आपलं घोंगडं त्यानं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते नको म्हटलं नाही.

प्रकरण इथं संपलं असतं तर मी ते सांगू शकलो असतो.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी, पावसाळा सरत आला असताना, एका शनिवारी दुपारी क्रिस्टिना दारात उभी राहिली. अंगानं भरली होती. कॅम्प आता मोडत आला होता, माणसं जहाजांनी जगभर पांगत होती. तिला आफ्रिकेतल्या दुसऱ्या कॅम्पात पाठवणार होते. तिनं मधल्या काळात कोल्हापूरच्या बाजारातून मराठी उचललं होतं.

"मास्तर, मला परत बसायचं हाय," ती म्हणाली.

"कशाला बसायचंय?"

"परीक्षेला. मी नापास हाय न्हवं?"

मी तिला समजावलं. बाई गेल्या, विद्यापीठ गेलं, मी निपाणीचा मास्तर. ती ऐकून घेत होती आणि परत तेच म्हणत होती. "तुम्ही परीक्षक हाय. बाईंनी केलंय." शेवटी मला नियम आठवला आणि सुटल्यासारखं वाटलं. "परीक्षक दोन लागतात," मी म्हणालो.

"मग दुसरा बघा," क्रिस्टिना म्हणाली.

मी हेडमास्तरांकडं गेलो. ते हसतील किंवा रागावतील आणि विषय मिटेल, अशी माझी कल्पना. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "आलो." ते आले ते इन्स्पेक्शनचा काळा कोट आणि डोक्याला रुमाल बांधून. भरमाण्णानं तराजूची काच पुसली.

क्रिस्टिनाला मी तोच प्रयोग दिला. सगळी दुपार ती वाकून काम करत होती. साका वाळवला, वजन केलं, पुन्हा वाळवला, पुन्हा केलं. मग कागद माझ्यापुढं ठेवला. उत्तर चुकलं होतं. थोडं नाही, चांगलंच चुकलं होतं. माझ्याकडचं रसायन जुनं झालं असेल, किंवा तिच्या हाताची सवय मोडली असेल. बरोबर आकडा तिला तोंडपाठ होता, हे मला पक्कं माहीत होतं.

"हे चुकलंय," मी म्हणालो.

"व्हय. पण काटा तिथंच थांबला," ती म्हणाली. "दोनदा."

मी कागद खाली ठेवला. हेडमास्तर माझ्याकडं बघत होते. "काय निकाल?" त्यांनी विचारलं.

"पास."

"उत्तर चुकलंय म्हणता, आणि पास म्हणता?"

"होय, सर."

"आणि कुठल्या विद्यापीठातर्फे?"

"ते मला माहीत नाही, सर."

 मग क्रिस्टिनाकडं वळून, जणू सभेत बोलावं तसं, ते शुद्ध मराठीत म्हणाले, "उत्तीर्ण." शाळेचा शिक्का त्यांनी दिला नाही. तो आमचा नव्हे, असं म्हणाले. तिनंही मागितला नाही.

मी तिला मोटार स्टँडवर सोडायला गेलो. कोल्हापूरची गाडी उभीच होती. ती खिडकीशी जाऊन बसली. परीक्षा पास झालेल्या पोरांचा असतो तसा तिचा चेहरा उजळला होता, आणि मला मात्र आपण तिला फसवलं की काय असं वाटत होतं. आफ्रिकेत कोण मानणार होतं माझं पास?

"मास्तर," ती खिडकीतून म्हणाली, "म्हणजे मी आता दुसऱ्या वर्षात?"

"हो."

"दुसऱ्या वर्षात पहिलं काय शिकवत्यात?"

मी गडबडलो. माझं दुसरं वर्ष होऊन कैक सालं झाली होती. आठवेल तसं सांगायला लागलो, की काही रासायनिक क्रिया अशा असतात, त्या एका टप्प्याला येऊन थांबल्यासारख्या दिसतात. रंग बदलत नाही, वजन बदलत नाही. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. पण ते संपलेलं नसतं. कंडक्टरनं घंटा दिली. मी गाडीबरोबर चालू लागलो. आतल्या आत क्रिया चालूच असते, मी मोठ्यानं म्हणालो, या बाजूनं त्या बाजूला, आणि त्याच वेळी त्या बाजूनं...

गाडीनं वेग घेतला. क्रिस्टिनानं डोकं बाहेर काढलं होतं आणि कानाला हात लावून ती विचारत होती, "त्या बाजूनं काय? मास्तर, त्या बाजूनं काय?"